चिपीहून समुद्राकडे उड्डाण आणि हजार फुटांच्या आत प्रोपेलर बिघडला तर?

दर्यावर्दी_७२

नमस्कार मंडळी,

प्रश्न एटीआर ७२-६०० हे दोन प्रोपेलरचं प्रवासी विमान धरून विचारतोय, पण डॉर्नियर आणि किंग एअर या लहान विमानांवाल्यांनीही जरूर लिहावं.

प्रसंग असा धरा. सिंधुदुर्ग विमानतळ, म्हणजे चिपी. जुलै महिना, वारा समुद्राकडून, म्हणून उड्डाण धावपट्टी २७ वरून, म्हणजे पश्चिमेकडे. चाकं वर गेली, सड्याची (कातळी पठाराची) कड मागे पडली, खाली भोगव्याचा किनारा आणि पुढे नुसता करडा समुद्र. उंची पाच-सहाशे फूट. इंजिन ठणठणीत आहे, पण प्रोपेलर ऐकत नाही. एनपी (प्रोपेलरच्या फेऱ्यांचा आकडा) १०० टक्क्यांच्या वर पळतोय, किंवा पंखा (प्रोपेलर) आपल्या मनाने फेदर झालाय, म्हणजे पाती वाऱ्याला धार दाखवून उभी राहिलीत, किंवा पाती मधेच कुठल्यातरी कोनात अडकलीत.

व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण थांबवता येत नाही तिथे, इंजिन गेलं तर काय करायचं, ते झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. प्रोपेलरचं मात्र सगळं तुकड्यातुकड्यांनी सापडतं. कुठला बिघाड आहे ते काचेवर, म्हणजे समोरच्या पडद्यावर, बघून कसं ओळखायचं? हात कुठल्या क्रमाने हलवायचे? आणि परत चिपीलाच उतरायचं की गोव्याचं मोपा गाठायचं?

टॉर्कमीटर

ऑटोफेदरपासून (पंखा आपोआप फेदर करण्याच्या सोयीपासून) सुरुवात करतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. "एटीपीसीएस आहे ना, तो बघून घेईल" असं बरेच जण धरून चालतात. एटीपीसीएस, म्हणजे हे काम करणारी यंत्रणा, इंजिन मेल्यावर धावून येतो. प्रोपेलर बिघडल्याचं त्याला कळेलच असं नाही, कारण तो फक्त टॉर्क, म्हणजे पंखा फिरवणारा जोर, बघतो.

पॉवर मॅनेजमेंटची कळ टीओवर (टेक-ऑफवर), दोन्ही पॉवर लीव्हर ४९ अंशांच्या पुढे, दोन्ही टॉर्क ४६ टक्क्यांच्या वर, एवढं जमलं की तो सज्ज होतो. मग एका बाजूचा टॉर्क १८ टक्क्यांच्या खाली गेला की दुसऱ्या इंजिनाला अपट्रिम मिळतो, म्हणजे ताकद ९० ची १०० टक्के होते, आणि २.१५ सेकंदांनी पडलेल्या बाजूचा पंखा फेदर होतो. एक बाजू अशी फेदर झाली की दुसऱ्या बाजूची ऑटोफेदर अडवली जाते, नाहीतर दोन्ही जायचे.

आता तुमचा प्रसंग घ्या. गव्हर्निंग (फेरे एका जागी धरणं) बिघडून पाती बारीक पिचकडे, म्हणजे कमी कोनाकडे, गेली, एनपी वर चढला आणि टॉर्क ८९ वरून ३५ वर आला. ३५ म्हणजे १८ नव्हे. एटीपीसीएस ढिम्म हलणार नाही. ना अपट्रिम, ना फेदर. तिथे जे करायचं ते तुमच्याच हाताने.

दुसरी खोच याहून वाईट आहे. विमान एका बाजूला ओढतंय म्हणून घाबरून कुणी दोन्ही पॉवर लीव्हर थोडे मागे घेतले आणि ते ४९ अंशांच्या मागे आले, की एटीपीसीएसची सज्जताच जाते. त्यानंतर खरोखर इंजिन गेलं तरी ऑटोफेदर नाही. म्हणून नियम साधा: फेदर झालाय हे डोळ्यांनी बघेपर्यंत चांगल्या बाजूचा लीव्हर मागे घ्यायचा नाही आणि पॉवर मॅनेजमेंटच्या कळीला हात लावायचा नाही.

ओळखायचं कसं. टॉर्क, एनपी, एनएच (इंजिनाच्या गाभ्याचे फेरे) आणि आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) या चार आकड्यांची जुळणी बघायची. एकटा कुठलाही आकडा खोटं बोलू शकतो.

चारही पडले, इंधनाचा प्रवाहही गेला: इंजिन गेलं. हे सगळ्यांना येतं.

एनएच आणि आयटीटी जिवंत, पण एनपी कोसळला: इंजिन चालू आहे आणि पंखा आपणहून फेदर झालाय. इथे टॉर्क फसवतो. पात्यांनी एकदम मोठा घास घेतल्यामुळे तो क्षणभर उसळू शकतो, आणि टॉर्कचा सिग्नलच तुटला असेल तर शून्यही दाखवेल. म्हणून इथे भरवसा एनपी आणि एनएचच्या जोडीवर.

एनपी १०० च्या वर, टॉर्क खाली, एनएच जवळपास जागेवर: ओव्हरस्पीड. पाती बारीक पिचकडे चाललीत. कानालाही कळतं, दोन पंख्यांचा सूर जुळेनासा होतो आणि एक बाजू किंचाळायला लागते. एनपी १०० च्या जरासा वर जाऊन तिथेच थांबला असेल तर ओव्हरस्पीड गव्हर्नरने त्याला धरलंय असं समजा. पीईसीच्या (पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या) बिघाडात हेच दिसतं, आणि त्यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. थांबतच नसेल तर मामला गंभीर.

एनपी विमानाच्या वेगाबरोबर वर-खाली होतोय, लीव्हर हलवला की लगेच बदलतोय: पिच अडकलाय. गव्हर्नरचं काम एनपी एका जागी धरून ठेवणं. तो हलायला लागला म्हणजे धरणारा कुणी उरला नाही.

हादरे इतके की काच वाचता येत नाही: पातं तुटलं किंवा हबमध्ये काही सुटलं. त्यात विचार करत बसायचं नाही.

हातांचा क्रम. पहिले ४०० फूट हात फक्त कॉलम, रडर आणि चाकांच्या लीव्हरसाठी. व्ही-टू (एका इंजिनावर चढायचा किमान सुरक्षित वेग) धरा, नाक ठरलेल्या जागी, वळण रडरने मारा, चांगल्या इंजिनाच्या बाजूला दोन-तीन अंश झुकवा, पाचच्या पुढे नको. चाकं वर. चांगल्या बाजूला अपट्रिम मिळालाय का ते बघा. नसेल मिळाला आणि ताकद हवी असेल तर त्या बाजूचा लीव्हर रॅम्पपर्यंत (जादा ताकदीच्या जागेपर्यंत) पुढे. रडर ट्रिम लावून पाय मोकळा करा, कारण थरथरत्या पायाने कुणीही नीट विचार करत नाही.

४०० च्या वर, विमान सरळ चढतंय याची खात्री झाल्यावर, बिघाडाला नाव द्या. मोठ्याने. "दोन नंबर, एनपी जास्त, टॉर्क कमी." शेजारचा काच बघून तेच म्हणेल तरच पुढे.

ओव्हरस्पीड असेल तर त्याच बाजूचा पॉवर लीव्हर हळूहळू मागे, एनपी मर्यादेत येईपर्यंत. गव्हर्नर गेला की तो पंखा ठरावीक पिचच्या साध्या पंख्यासारखा वागतो. त्याचे फेरे दोनच गोष्टी ठरवतात, इंजिनाची ताकद आणि विमानाचा वेग. म्हणून वेगही वाढवू नका. "जरा सुरक्षित वेग घेऊ" म्हणून नाक खाली घातलं की आटोक्यात आलेला एनपी पुन्हा चढतो. व्ही-टूच्या खाली मात्र कधीच नाही.

लीव्हर मागे घेऊनही ऐकत नसेल, किंवा लो पिचचा दिवा लागला, तर त्या बाजूचा पॉवर लीव्हर फ्लाइट आयडल (हवेतली किमान ताकद), कंडिशन लीव्हर (फेदर आणि इंधनाचा लीव्हर) फेदर, एनपी खाली येताना बघा, मग फ्युएल शट ऑफ. फेदर आणि शट ऑफ या दोन वेगळ्या जागा आहेत. मधे थांबून एनपी बघणं हाच त्यातला मुद्दा. पॉवर लीव्हर आधी मागे घ्यायचा, कारण ताकद पूर्ण असताना फेदर केलं की टॉर्क मर्यादा ओलांडतो आणि गिअरबॉक्सचा हिशेब पुढे एएमईला (विमान देखभाल अभियंत्याला) द्यावा लागतो.

अर्थात तुमच्या विमानाच्या क्यूआरएचमधला (आणीबाणीच्या पुस्तिकेतला) क्रम तोच अंतिम. वरचं सगळं तो क्रम तसा का आहे हे कळावं म्हणून.

घाटमाथा

एवढं वाचायला वेळ कुणाकडे आहे? पाचशे फुटांवर संशयाला जागाच नको. ज्या बाजूला विमान ओढतंय तो लीव्हर धरून बंद करायचा आणि मागे असलेल्या धावपट्टीवर वळायचं. २,५०० मीटरची पट्टी आहे, समुद्रात कशाला जायचं?

टॉर्कमीटर

घाटमाथा साहेब, यातली दोन्ही वाक्यं माणसं मारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लीव्हर. ४ फेब्रुवारी २०१५, तैपेईचं सोंगशान विमानतळ, ट्रान्सएशियाचं उड्डाण २३५, हेच एटीआर ७२-६००. ऑटोफेदर युनिटमधला एक सोल्डरचा सांधा अधूनमधून सुटत होता, त्यामुळे दोन नंबरचा पंखा आपणहून फेदर झाला. दोन नंबरचं इंजिन चालू होतं. एक नंबर पूर्ण शाबूत होतं आणि त्याला अपट्रिमही मिळाला होता. वैमानिकाने काही सेकंदांतच एक नंबरचा पॉवर लीव्हर मागे घेतला आणि जेमतेम पाऊण मिनिटात तेच चांगलं इंजिन बंद केलं. विमानात ५८ जण होते, ४३ गेले. विमान तेव्हा हजार फुटांच्या वर होतं. दहा सेकंद काहीच न करता नुसतं सरळ चढत राहिले असते तरी काचेवर एनपी बघायला वेळ होता.

"ज्या बाजूला ओढतंय" हा नियमही इंजिन पूर्ण मेल्यावरच चोख चालतो. आपण शिकतो की रिकामा पाय ज्या बाजूचा ते इंजिन मेलेलं, आणि खात्रीसाठी त्या बाजूचा पॉवर लीव्हर हळू मागे घ्या. विमानाला काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर. आपणहून फेदर झालेल्या पंख्याला ही खूण लागू पडते. ओव्हरस्पीडला नाही! तिथे बिघडलेली बाजू अजून थोडा जोर देत असते. तिचा लीव्हर मागे घेतला की विमान आणखी त्याच बाजूला ओढतं आणि वैमानिकाला वाटतं, "अरे, चुकीचा धरला." मग हात दुसऱ्या लीव्हरकडे जातो. म्हणून प्रोपेलरच्या बिघाडात पाय फक्त बाजू सुचवतो. ठरवायचं काचेवरून, आणि दोघांनी.

आता वळणं. कागदावर करून बघा. व्ही-टू ११५ नॉट धरला तर १५ अंशांच्या झुकावाला वळणाची त्रिज्या सुमारे १,३३० मीटर येते. १८० अंश वळायला ७० सेकंद लागतात आणि वळून झाल्यावर तुम्ही धावपट्टीच्या रेषेपासून पावणेतीन किलोमीटर बाजूला असता. म्हणजे पुन्हा वळण. ३० अंश झुकवलं तर त्रिज्या निम्म्याहून कमी होते, पण स्टॉलचा वेग साडेसात टक्के चढतो, आणि व्ही-टूवर एवढी उधळपट्टी परवडत नाही. एका इंजिनावर दोन इंजिनांच्या विमानाने दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे चाकं वर गेल्यानंतर, २.४ टक्के चढण द्यायची असते. ११५ नॉटला ती मिनिटाला २८० फुटांच्या आसपास येते. तीही पंखा फेदर झालाय असं धरून. फेदर न झालेला पंखा ती सगळी खाऊन टाकू शकतो, आणि त्यावर वळण म्हणजे उरलेली चिल्लरही गेली.

समुद्र वाईट वाटतो, पण चिपीच्या २७ वरून सरळ पुढे एकही डोंगर नाही. सरळ १,५०० फुटांपर्यंत चढा, तेवढ्यात कामं उरका, मग मोठं निवांत वळण घ्या. पूर्वेकडे उडाला असता, म्हणजे ०९ वरून, तर मी वेगळं सांगितलं असतं. तिकडे आंबोली सुमारे ५० किलोमीटरवर आणि ६९० मीटर उंच आहे. मिनिटाला २८० फुटांनी चढणाऱ्या विमानाने सह्याद्रीकडे नाक धरून बसायचं नाही, कुडाळच्या आसपासच वळून समुद्राकडे यायचं.

निवतीचो_दिवो

आमच्याकडे म्हणतत तसा: आधी इमान हातात ठेव, मगे काय ता बघ.

टॉर्कमीटर यांनी सांगितलेल्या सरळ चढण्यात एक गोम आहे, ती किनाऱ्यावरच्या माणसालाच कळते. जुलैत समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं असतं. क्षितिज नावाची रेषाच नसते. बाहेर बघून दोन-तीन अंशांचा झुकाव धरता येत नाही, धरला असं वाटतं तेव्हा आठ अंश झालेला असतो. चाकं वर गेली की डोळे आत, कृत्रिम क्षितिजावर. स्लिपची (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी) खूण मधून जराशी सरकलेली राहील, ती ओढून मधोमध आणायचा हट्ट नको.

आणि पाण्यात उतरायची वेळ आलीच तर लक्षात असू द्या की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. एरवी देवबाग-निवती पट्ट्यात होड्या आणि ट्रॉलर दिसतात. तेव्हा फारशा दिसणार नाहीत. म्हणून टॉवरला पहिल्या "मेडे"तच दिशा आणि किनाऱ्यापासूनचं अंतर सांगा. बाकी गोष्टी नंतर: काय बिघडलं, किती माणसं, किती इंधन, काय करणार. ट्रान्सपाँडर ७७००, म्हणजे आणीबाणीचा कोड. टॉवरने प्रश्न विचारला तर "स्टँडबाय" म्हणायला लाजू नका.

उतरायचं कुठे, हा तिसरा प्रश्न राहिला. पंखा फेदर झालाय, विमान चढतंय, चिपीवर ढग खाली आलेले नाहीत: चिपीच. ढग सड्याला टेकले असतील तर मोपा सरळ रेषेत पंचवीसेक सागरी मैलांवर आहे, धावपट्टी ३,५०० मीटर. गोव्याचंच दाभोळीही लांब पट्टीचं, पण चाळीसच्या पुढे. फेदर न झालेल्या पंख्यासह मात्र पंचवीस मैलांचा हिशेब करण्यात अर्थ नाही, जी पट्टी दिसते ती घ्या.

वजनाची काळजी बरेच जण उगाच करतात. ७२-६०० चं कमाल उड्डाण वजन २३,००० किलो, उतरण्याचं २२,३५०. फरक ६५० किलोचा. आणीबाणीत जास्त वजनाने उतरता येतं, नोंद करायची आणि नंतर तपासणी. इंधन जाळत घिरट्या घालणं नको.

डॉर्नियरवाला

एटीआर सोडून दुसऱ्या बाजूचं लिहितो, कारण रत्नागिरीला मिरजोळ्याच्या पट्टीवर जे डॉर्नियर २२८ दिसतात त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे.

एटीआरचं पीडब्ल्यू१२७ आणि किंग एअरचं पीटी६ ही फ्री टर्बाइनची इंजिनं. पंखा ज्या टर्बाइनला जोडलाय ती बाकीच्या इंजिनापासून सुटी. म्हणून इंजिन चालू असताना पंखा फेदर होऊन जवळजवळ थांबू शकतो. डॉर्नियरच्या टीपीई३३१ मध्ये एकच शाफ्ट आहे. शाफ्टचे ४१,७३० फेरे म्हणजे पंख्याचे १,५९१, दातांनी बांधलेले. इंजिन मेलं तर वाऱ्याने फिरणारा पंखा अख्खा कॉम्प्रेसर आणि टर्बाइन ओढत बसतो. पीटी६ मध्ये त्याला फक्त सुटी टर्बाइन ओढायची असते. त्यामुळे ३३१ चा न फेदर झालेला पंखा म्हणजे पंखाच्या टोकाला बांधलेला नांगर.

यासाठीच एनटीएस आहे. पंखा इंजिनाला फिरवायला लागला, म्हणजे टॉर्क उलटा झाला, की एनटीएस पात्यांना फेदरच्या दिशेने ढकलतं. ढकलतं फक्त, पूर्ण फेदर करत नाही. टॉर्क सुलटा झाला की ते सोडतं, पुन्हा उलटा झाला की ढकलतं, त्यामुळे पायात धक्के जाणवतात. ते धक्के म्हणजे एनटीएस जिवंत आहे. वैमानिकाला श्वास घेण्याइतका वेळ मिळतो, फेदर त्याने स्वतःच करायचा. एनटीएसची तपासणी इंजिन सुरू करताना होते. ती चुकली तर विमान उडवायचं नाही, यावर वाद घालणाऱ्याबरोबर उडूही नये.

आणि ३३१ मध्ये फेऱ्यांवरून काही कळत नाही. सगळं उड्डाणच शंभराच्या आसपास चालतं. तिथे आधी टॉर्क बघायचा, मग आयटीटी नाहीतर ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), जे काचेवर असेल ते.

किंग एअर बी२०० मध्ये ओव्हरस्पीड ओळखायला आकडेच पाठ ठेवा: कमाल २,००० फेरे, प्राथमिक गव्हर्नर गेला तर ओव्हरस्पीड गव्हर्नर २,०८० ला धरतो, तोही गेला तर फ्युएल टॉपिंग २,१२० ला इंधन छाटतं. सुई २,०८० ला चिकटून बसली असेल तर पहिला गेलाय, दुसरा काम करतोय. २,१२० ला असेल तर दोन्ही गेले, आणि आता इंजिनच वैतागून इंधन कापतंय. दोन्हींचं वागणं वेगळं, घाईही वेगळी.

दर्यावर्दी_७२

खूप आभार. टॉर्कमीटर, फेदरची आज्ञा देऊनही पंखा फेदर झालाच नाही तर? आणि उतरताना काय बदलतं?

टॉर्कमीटर

आधी झाला नाही हे ठरवा. पूर्ण फेदर झालेल्या पंख्याचा एनपी अगदी खाली येतो, पाती वाऱ्याला धार दाखवतात, कोन ८० अंशांच्या जवळ. एनपी चाळीस-पन्नास टक्क्यांवर रेंगाळत असेल तर पंखा वाऱ्याने फिरतोय. खिडकीतून बघायला कुणाला तरी सांगा. केबिन क्रूला दिसतं. फेदरसाठी इंजिनाच्या तेलाखेरीज वेगळा विजेवर चालणारा पंपही असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी नाही झाला म्हणजे कधीच होणार नाही असं नाही.

तरीही अडला, तर चांगलं इंजिन परवानगीच्या कमाल ताकदीवर आणि वेग कमीत कमी सुरक्षित. फिरत्या पंख्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. व्हीएमसीएचा (एक इंजिन गेल्यावर विमान सरळ धरता येईल त्या किमान वेगाचा) जो आकडा पुस्तकात आहे तो ऑटोफेदर असलेल्या विमानात पंखा फेदर झाल्याचं धरून काढलेला असतो, हे विसरू नका. न फेदर झालेल्या पंख्याला खरा व्हीएमसीए त्याहून वरच असणार, म्हणून कमी वेगाची हौस व्ही-टूला संपते. विमान चढत नसेल तर वेग टिकवून हळूहळू खाली या. उंची टिकवायला नाक वर ओढणं ही सगळ्यात जुनी चूक.

उतरताना चाकं उशिरा, पट्टी नक्की मिळतेय हे ठरल्यावर. चाकांचा अडथळा आणि पंख्याचा अडथळा एकदम घेतला तर परत वर जाणं नसतं. टेकण्याच्या आधी चांगल्या बाजूचा लीव्हर मागे येईल तसा रडरही सोडावा लागतो, आणि आधी लावलेली ट्रिम तिथे तुमच्याविरुद्ध उभी राहते. ट्रिम अंतिम टप्प्यात सरळ करून घ्या. टेकल्यावर एकाच बाजूचा रिव्हर्स ओल्या पट्टीवर विमान त्या बाजूला फिरवतो. चिपीला २,५०० मीटर आहेत, ब्रेकवर थांबा.

सडेकर (एएमई)

तुम्ही सगळे हवेत काय करायचं ते लिहिताय. विमान खाली आल्यावर आमच्याकडे काय द्यायचं ते मी लिहितो, कारण ते कुणीच देत नाही.

ओव्हरस्पीड झाला तर दोन आकडे हवेत: एनपी जास्तीत जास्त किती गेला आणि किती सेकंद राहिला. मॅन्युअलमधलं कोष्टक या दोनांवरच चालतं. एका चौकोनात नुसती बाहेरून तपासणी, शेजारच्या चौकोनात पंखा उतरवून शॉपला. "थोडा जास्त गेला होता" असं लॉगमध्ये लिहिलं की रेकॉर्डरचा डेटा काढेपर्यंत विमान उभं. बरोबर तेलाच्या फिल्टरमध्ये आणि चिप डिटेक्टरवर धातूचे कण आहेत का ते बघायचंच.

आता कोकणाचं. इथे दोन शत्रू: खारा वारा आणि चिऱ्याची खडी. सड्यावरची बारीक लाल खडी पंख्याने उचलली की पात्याच्या पुढच्या कडेला बसते. धातूच्या पात्यावर बारीक टवका पडला तर मर्यादेत असेपर्यंत तो कानशीने लांबट गुळगुळीत करून पॉलिशपेपर मारायचा. टवक्याचं टोक तसंच ठेवलं की तिथून फट सुरू होते. एटीआरची पाती कंपोझिट, सहा, व्यास ३.९३ मीटर. त्यावर कानस नाही. पुढच्या कडेवरचं धातूचं आवरण सुटलंय का हे बोटाने, आणि नाण्याने हलकेच ठोकून ऐकायचं. भरीव आवाज बदलून पोकळ आला की आतून सुटलंय.

मीठ दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. २१ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेत एएसए कंपनीच्या उड्डाण ५२९ च्या ब्राझिलिया विमानाचं पातं हवेत तुटलं. पात्याच्या आतल्या पोकळीत जो बुचाचा तुकडा असायचा, त्यातल्या क्लोरीनने धातूला खड्डे पाडले आणि तिथून थकव्याची फट गेली. बाहेरून बघून काहीही कळलं नसतं. इथल्या हवेत तर क्लोराइड फुकट मिळतं. म्हणून ठरलेल्या दिवशी गोड्या पाण्याने धुणं, हबभोवती तेलाचा ओघळ आहे का बघणं, आणि कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट थर आलाय का बघणं. टॉर्कमीटरनी सोल्डरच्या सांध्याचं लिहिलं. टॉर्कचा सिग्नल जाणारा कनेक्टर खराब झाला तरी अधूनमधून आकडा उडणं असंच सुरू होतं.

त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाचं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ५ एप्रिल १९९१, ब्रन्सविक, जॉर्जिया. पिच बदलणाऱ्या युनिटमधल्या क्विल नावाच्या दांड्याचे दाते झिजून गेले, पिचचा ताबा सुटला, विमानातले २३ च्या २३ गेले. इंजिन पूर्ण चांगलं होतं.

वैमानिकांना एकच मागणं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी एटीपीसीएसची टेस्ट करताना आकडा एकदाच लटपटला आणि दुसऱ्यांदा ठीक आला, तर "ठीक आला" असं लिहू नका. पहिल्यांदा काय झालं ते लिहा, कुठली बाजू, पाऊस पडून गेला होता का, इंजिन गार होतं की तापलेलं.

घाटमाथा

वळण्याचा हिशेब पटला. मिठाचं विचारतो: पावसाळ्यात रोज आपोआप धुतलं जातंच ना, मग वेगळं धुवायचं कशाला?

सडेकर (एएमई)

पाऊस वरून पडतो. मीठ पात्याच्या मुळाशी, स्पिनरच्या आत आणि डीआयसिंगच्या (पात्यांवरचा बर्फ घालवण्याच्या) ब्रशब्लॉकपाशी बसतं. तिथे पाऊस मीठ धूत नाही, नुसतं ओलं ठेवतो. स्पिनर काढून बघा ऑगस्टमध्ये.